पाच दीर्घिकांचं शुद्धिपत्र

बस स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीन गरम व्हायची वाट बघत मी उभा होतो, आणि मागून कुणीतरी "सर" म्हणालं. वर्ध्यात अठरा वर्षं शिकवल्यावर रस्त्यात दर शंभर पावलांवर एखादं "सर" भेटतंच. त्या हाकेला द्यायचं एक हसू माझ्याकडे कायम तयार असतं, नाव आठवलं नाही तरी चालून जाणारं. ते हसू घेऊन वळलो तर समोर तिशीला आलेली एक बाई, सुती साडी, हातात प्लास्टिकची फाईल, तिच्यातून दिसणारी एम.एस्सी.ची गुणपत्रिका. "वळखलं नाई सर तुमी. मी वर्षाली. सत्त्याण्णवची बॅच. तुमच्यापाशी प्रोजेक्ट केलता नं मी." ओळखलं होतं. तिनं फाईल छातीशी घट्ट धरली होती तेव्हाच, नाव ऐकायच्या आधी. सोमवारी हिंगणघाटच्या एका कॉलेजात तिची मुलाखत होती, लेक्चररच्या जागेसाठी. सेटची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली होती. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "सर, आपला तो कागद छापून आलता नं, त्याची येक झेरॉक्स पायजे होती. मुलाखतीले ठेवतो म्हटलं. बाकीच्याईपाशी असं काई नाई, बाहेरदेशातल्या मासिकात नाव." मशीनचा हिरवा दिवा लागला. दुकानदारानं माझे कागद मागितले. मी म्हणालो, "हो, हो. शोधून ठेवतो."

तो कागद छापून आला नव्हता. पाठवलाच गेला नव्हता. माझ्या एका पेपरातली चूक कबूल करणारं, वर्षालीनं आणि मी मिळून लिहिलेलं ते दीड पानी शुद्धिपत्र आठ वर्षं माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात, बंद लिफाफ्यात पडून होतं. लिफाफ्यावर तिकिटंसुद्धा लावलेली होती. ते छापून आलं असं तिला मीच कळवलं होतं. आता तिला खरं सांगायला हवं होतं, तिथंच, त्या दुकानात. त्याऐवजी मी म्हणालो की रविवारी मी स्वतः समुद्रपूरला येऊन देईन. असं का म्हणालो कोण जाणे. तीन दिवस मिळतील एवढंच त्या क्षणी डोक्यात असावं. तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिच्याकडे बघवेना. "घरी येता सर तुमी? मामाजीले लय आनंद होईन जी. ते साऱ्याईले सांगत असते तुमच्याबद्दल." मामाजी म्हणजे तिचे सासरे. मी मान डोलावली, कागद घेतले आणि स्कूटरकडे निघालो. गुरुवार होता, जानेवारीतला, दोन हजार पाच सालचा.

माझ्या हातातल्या कागदांवर मथळा होता, 'संशोधनकार्य व सहयोग'. बढतीच्या अर्जासोबत तीन प्रती जोडायच्या होत्या. तेवीस पेपर, त्यातले नऊ परदेशी सहकाऱ्यांबरोबरचे, विषय दीर्घिकांमधलं, म्हणजे दूरच्या आकाशगंगांमधलं, अदृश्य द्रव्य, म्हणजे ज्याला आमच्या धंद्यात डार्क मॅटर म्हणतात ते. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात बसून इतकं करणारा माणूस विरळाच, असं आमचे प्राचार्य प्रत्येक समारंभात म्हणतात आणि मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. त्या तेवीसांपैकी सात पेपर एकाच सारणीवर उभे आहेत, चौऱ्याण्णव सालच्या, आणि त्या सारणीतले पाच आकडे चुकीचे आहेत. हे मला माहीत आहे आणि वर्षालीला माहीत आहे. फरक इतकाच की ते दुरुस्त झालेत असं ती समजून आहे. स्कूटर सुरू न करताच मी बराच वेळ तिच्यावर बसून राहिलो. एका ऑटोवाल्यानं, "हटा नं सर जरा," म्हटलं तेव्हा भानावर आलो.

काय चूक होती ते सांगायला अवघड नाही. म्हणूनच ती इतकी टोचते. दीर्घिका स्वतःभोवती फिरते. तिच्या कडेचा वायू ज्या वेगानं फिरतो, तेवढ्या वेगाला धरून ठेवायला तिच्यात दिसतंय तेवढं द्रव्य पुरत नाही, तेव्हा न दिसणारं काहीतरी तिथं असलंच पाहिजे. आणि ते किती, हे वेगावरूनच काढायचं. पण दीर्घिका आपल्याला तिरकी दिसते, त्यामुळे तिचा सगळा वेग आपल्या वाट्याला येत नाही. ती किती कलली आहे ते बघून वेग वाढवून घ्यावा लागतो. ही झाली कलाची दुरुस्ती. ती एकदा करायची. मी पाच दीर्घिकांच्या बाबतीत ती दोनदा केली. माझे वडील नानाजी कापसाचे दलाल होते, अख्खा जन्म बाजार समितीत गेला. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं असतं, आणि चुकून दोनदा वजा झालं तर गाडीवाला तिथंच धोतर खोचून भांडायला उभा राहतो. दीर्घिका भांडत नाहीत. त्या पाचांमध्ये अदृश्य द्रव्य इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट निघालं, आणि चूक शोधायची सोडून मी त्याला शोध म्हटलं.

आणि चूक झाली ती आमच्याच पद्धतीनं, वर्ध्याच्या पद्धतीनं. मोजमापं जर्मनीहून यायची, क्लाउसकडून. क्लाउसला मी पुण्याच्या एका परिषदेत भेटलो होतो. मोठ्या मनाचा माणूस, पत्राला पत्र आणि प्रश्नाला प्रश्न पाठवणारा. त्र्याण्णव साली कॉलेजात फॅक्स नव्हता. स्टेशन रोडवरच्या एसटीडी बूथमध्ये यायचा. गुंडाळीतून निघणारा तो गुळगुळीत कागद बूथवाला जिथं मोकळी जागा दिसेल तिथं कात्रीनं कापायचा आणि तुकडे स्टेपल करून द्यायचा. सहा दीर्घिकांची यादी क्लाउसची स्वतःची होती, पाचांची त्याच्या एका मित्राची, दुसऱ्या दुर्बिणीवरची. दुसऱ्या यादीच्या शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. त्या चांदणीची तळटीप, 'या रकान्यातले वेग कलाची दुरुस्ती करूनच दिले आहेत' एवढीच, कात्रीपलीकडे गेली होती, पुढच्या तुकड्याच्या माथ्यावर, जिथं क्लाउसनं हवापाण्याची चौकशी केली होती. तो तुकडा मी पत्रांच्या फायलीत लावला आणि याद्या आकड्यांच्या फायलीत. इथवर माझा दोष म्हटला तर दोष, म्हटला तर नाही. रात्रंदिवस हेच स्वतःला समजावून मी इतकी वर्षं काढली आहेत. समजावणी अजून संपलेली नाही.

घरी आलो. रीतानं ताट वाढलं. रीता माझी बायको, नागपूरची, फार विचारत नाही, पण तिच्या नजरेतून सुटतही नाही काही. "जेवून काऊन नाई राह्यले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, एक जुनी विद्यार्थिनी भेटली. "मंग?" मग काही नाही. वर्षाली प्रोजेक्ट करायची ते प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत, कारण तिथं पडदे होते आणि दुपारी जरा गार असायचं. गिरडजवळच्या एका खेड्यातून ती एसटीनं यायची. डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा, आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे राहिलेले कागद ऑफिसातून मागून आणलेले, त्यांवर हिशेब. विभागातला एकुलता एक संगणक वीज असेल तेव्हा आणि मूडमध्ये असेल तेव्हा चालायचा. ती हातानं करायची. मी दिलेलं काम अगदी साधं होतं, माझ्याच सारणीतली अकरा गणितं पुन्हा करून बघायची, सराव म्हणून. तिनं आधी सगळे फॅक्सचे तुकडे मागितले. "सगळे?" "हो सर. आकड्याईचेच नाई, पत्राचे बी." तोवर ते कागद काळवंडायला लागले होते. ती ते खिडकीशी धरून वाचायची, आणि मग तिनं ते जमिनीवर मांडले, कात्रीच्या कडेला कड लावून, शाळेतली मुलं नकाशा जोडतात तसे.

तो मार्च महिना होता. प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा लावलेला होता, दुसऱ्या वर्षाच्या मुलांचा प्रयोग नुकताच संपला होता. त्या पिवळ्या उजेडात दुसरा रंगच राहत नाही, माणसांचे चेहरे राखेचे दिसतात, ओठ काळे. त्या दिवशी तिनं कुठल्या रंगाचा ड्रेस घातला होता ते मला आजतागायत ठाऊक नाही. "सर," ती म्हणाली, "ह्या पाची दीर्घिका येकाच यादीतल्या हायेत." मी म्हटलं, हो, मग? ती म्हणाली, "आनि ही चांदनी पाहा जी. हिची टीप इथं खाली हाये." मला वाचायची गरजच पडली नाही. ज्या क्षणी तिनं 'येकाच यादीतल्या' म्हटलं त्या क्षणी सगळं कळलं होतं. तीन वर्षं लोक ज्याच्यावर डोकं लढवत होते, या पाचांमध्येच एवढं अदृश्य द्रव्य का साठलं असावं, कुणी म्हणे त्या एकट्या पडल्या म्हणून, कुणी म्हणे त्या म्हाताऱ्या म्हणून, त्याचं उत्तर एका कात्रीत होतं. आणि तरी मी काय म्हणालो? "पुन्हा एकदा तपासून बघ." तिनं तपासलं. चार दिवस लावून तपासलं, आणि मला दिलासा द्यावा तशा आवाजात म्हणाली, "तसंच येऊन राह्यलं सर."

त्या दिवसांत मी चांगला माणूस होतो. हे खरं आहे आणि मला ते म्हणावंसं वाटतं. मीच म्हटलं की शुद्धिपत्र लिहू, आणि चूक तिनं शोधली तेव्हा तिचं नाव त्यात असलं पाहिजे. आमच्याकडे नावं आडनावाच्या अक्षरानुसार लावतात. ती तेव्हा देवतळे, मी पद्मावार. तिचं नाव आधी येत होतं. "तुमच्या आधी माझं? नाई जी सर, ते बरं नाई दिसत," असं ती तीनदा म्हणाली. मी हसलो. फिजिक्समध्ये वय आणि मान बघत नाहीत, असं काहीतरी भारदस्त बोललो. टाईप केलं, सह्या केल्या, तिकिटं लावली. एका शनिवारी सकाळी लिफाफा घेऊन पोस्टात जायला निघालो, आणि कॉलेजच्या फाटकाशी पोस्टमननंच क्लाउसचं पत्र हातात ठेवलं. सहा महिन्यांचं निमंत्रण. सप्टेंबरपासून. 'तुमच्या पाच दीर्घिकांबद्दल इथं फार उत्सुकता आहे,' असं त्यानं लिहिलं होतं. पोस्टापर्यंत मी गेलो. रांगेतही उभा राहिलो. माझ्या पुढं एक म्हातारी राखी पाठवायच्या पाकिटाचा भाव विचारत होती, मार्चमध्ये राखीचं पाकीट, आणि तिला समजावून सांगणाऱ्या कारकुनाचा चांगुलपणा बघत मी रांगेतून बाहेर पडलो. परत आल्यावर पाठवू, असं ठरवलं. सोमवारी वर्षालीनं विचारलं. मी म्हणालो, पाठवलं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या विभागाला वर्ध्याची खास गोरसपाक बिस्किटं वाटली.

शुक्रवार हे सगळं आठवण्यातच गेला. शनिवारी कॉलेज अर्धा दिवस होतं. सगळे गेल्यावर मी विभागात बसलो आणि जे केलं ते लिहायची लाज वाटते. त्या परदेशी मासिकाच्या जुन्या अंकातलं एक पान समोर ठेवलं आणि संगणकावर तसंच पान जुळवायला घेतलं. तसाच टाईप, तसेच दोन रकाने, वर अंकाचा क्रमांक, पानाचा क्रमांक. हिंगणघाटच्या मुलाखतीला बसणाऱ्यांपैकी कोण ताडून बघणार होतं? तिला नोकरी मिळेल, माझं झाकलेलं झाकलेलं राहील, कुणाचं काय नुकसान? तासभर मी ते करत होतो, आणि मन लावून करत होतो. रकान्याची रुंदी अगदी बरोबर आली तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं. मग तिचं नाव टाईप केलं, आडनाव आधी, आणि त्या नावावर येऊन हात थांबला. ज्या मुलीनं मला माझी चूक दाखवली तिच्या हातात मी खोटा कागद देणार होतो, आणि तो घेऊन ती साडी नेसून लोकांसमोर बसणार होती. मी ते पुसलं. पुसलं म्हणजे मोठं काही केलं असं नाही. पुसायला एक बटण लागतं.

जर्मनीहून आल्यावर तरी का पाठवलं नाही? तिकडे राहून मी आणि क्लाउसनं त्याच आकड्यांवर आणखी दोन पेपर लिहिले होते. आता शुद्धिपत्र पाठवायचं तर त्याचीही नाचक्की होणार. त्याच्या घरी मी जेवलो होतो. त्याच्या मुलीनं मला बर्फावर चालायला शिकवलं होतं. मग वर्षालीचं पत्र आलं, लग्न झाल्याचं, समुद्रपूरला दिल्याचं, आणि शेवटी एक ओळ, 'आपलं छापून आलं का सर?' त्या पत्राला उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. मी पोस्टकार्ड लिहिलं. 'छापून आलं. अभिनंदन. संसारात अभ्यास विसरू नकोस.' हे शेवटचं वाक्य आठवलं की अजून मला माझ्याच तोंडात मारावीशी वाटते. आणि दोन हजार एकमध्ये पाउलाची ई-मेल आली. ब्राझीलमधली एक मुलगी, पीएच.डी. करणारी. त्या पाच दीर्घिका तिनं पुन्हा मोजायला घेतल्या होत्या. दीड वर्ष झालं, तिचे आकडे माझ्याशी जुळत नव्हते, तिच्या गाईडला वाटत होतं तिचंच कुठंतरी चुकतंय. ती फार अदबीनं विचारत होती, तुम्ही कलाची दुरुस्ती कशी केली ते सांगाल का? मी लिहिलं, मोजमापांच्या पद्धतींमधल्या फरकामुळे असं होऊ शकतं, आपण पुन्हा तपासून पाहावं. पुन्हा तपासून पाहावं. तिनं आभार मानले. नंतर तिचं नाव मला कुठल्याच पेपरवर दिसलं नाही, आणि मी बघत होतो.

रविवारी सकाळच्या एसटीत बसलो. लिफाफा पिशवीत होता. बस गिरडपर्यंत जाणारी होती, निम्मे लोक तिथल्या दर्ग्याला निघालेले, कुणाच्या मांडीवर नारळ, कुणाच्या हातात चादर. तिथल्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. ज्याचा तो दर्गा त्या फकिराला खोटं सांगणाऱ्या व्यापाऱ्याचा माल त्यानं दगड करून टाकला, असं आमच्याकडे सांगतात. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलो असल्यामुळे लहानपणी मला नेहमी त्या व्यापाऱ्याचीच कीव यायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमी बी दर्ग्याले?" मी म्हटलं, नाही, समुद्रपूरला, एका विद्यार्थिनीकडे. "बरं हाये," ती म्हणाली. "मास्तर लोकाईले मान असते." जाम गावाच्या चौकात बस बराच वेळ थांबली. तिथून परत फिरता आलं असतं, वर्ध्याची बस समोरच उभी होती. मी खाली उतरलोसुद्धा, चहा घेतला, आणि परत येऊन जागेवर बसलो.

वर्षालीचे सासरे, अण्णाजी, स्टँडवर घ्यायला आले होते. सत्तरीचे, पांढरं धोतर, टोपी नीट बसवलेली. "या जी सर. आमच्या घराले पाय लागले तुमचे." घर शेतकऱ्याचं, नीटनेटकं. ओसरीत कापसाची गंजी, बैठकीच्या खोलीत टेबल, आणि टेबलाच्या काचेखाली, देवाच्या एका फोटोशेजारी, माझं पोस्टकार्ड. अक्षर माझंच. मी खुर्ची सरकवून अशा कोनात बसलो की ते दिसू नये. अण्णाजी म्हणाले, "हे कार्ड आलं नं सर, तवा म्या घरात सांगतलं, हिच्या अभ्यासाच्या आड कोनी येऊ नका. माह्या मनात पहिले नव्हतं, खोटं काऊन बोलू. पोरगा मुकेश बी म्हने, नोकरी काऊन पायजे. पन जर्मनीत नाव छापून आलं म्हनल्यावर..." ते हसले. मग मला संत्री द्यायची म्हणून ते वळणाच्या पलीकडच्या चुलतभावाच्या घरी गेले, तिथं कालच तोडणी झाली होती. वर्षालीनं उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं ताट आणून ठेवलं आणि समोर बसून सोलायला लागली. मी लिफाफा टेबलावर ठेवला.

तिकिटं लावलेला, बंद लिफाफा. तिनं तो उचलला, पत्ता वाचला, उलटा केला, चिकटवलेली कड बोटानं चाचपली. मला काही सांगावं लागलं नाही, तरी मी सगळं सांगितलं. क्लाउसचं निमंत्रण, रांग, पोस्टकार्ड, काल केलेलं खोटं पानसुद्धा. आवाज कापत होता आणि मला त्याचीही लाज वाटत होती, कारण तिला वाटेल मी दया मागतोय. तिच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. मी तयारी करून आलो होतो तिच्या रडण्याची, संतापाची, मुलाखतीचं आता काय या प्रश्नाची. ती म्हणाली, "म्हंजे ते पाची आकडे अजून तसेच हायेत?"

"हो."

"आठ वर्षं लोक तेच घेऊन राह्यले?"

"बरेच जण. आता हळूहळू सोडायला लागलेत."

"कोनी इचारलं नाई तुमाले?"

मी पाउलाचं सांगितलं. हे सांगायचं असं ठरवून आलो नव्हतो. सांगताना पहिल्यांदाच लक्षात आलं की पाउलाला मी दिलेलं उत्तर आणि सोडियमच्या दिव्याखाली वर्षालीला दिलेलं उत्तर एकच होतं. वर्षालीनं शेंग ताटात ठेवली. "तिचं काय झालं सर?"

"माहीत नाही."

"तिनं दीड वर्ष मोजलं," ती म्हणाली, "आनि बरोबर मोजलं." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्यासाठी नव्हे आणि स्वतःसाठीही नव्हे. मी तिथं बसून ते बघत होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी वर्षालीचं नाव हिरावून घेतलं, एवढाच माझा गुन्हा आहे, आणि नाव परत देता येतं.

ती आत गेली. पेन्सिल आणि कोऱ्या कागदांची चळत घेऊन आली, लिफाफा फोडला आणि आतला कागद उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचायला लागली. एका ठिकाणी थांबली, बाजूला गुणाकार केला, आणि तिसऱ्या दीर्घिकेच्या आकड्यात शेवटचा अंक बदलला. "हा तवा माह्याच हातून चुकला होता," ती म्हणाली. मग वरच्या दोन नावांशी आली आणि पहिल्या नावावर एक सरळ रेघ मारली.

"वर्षाली, नाही. तुझं नाव पाहिजे. तुझंच पहिलं."

"माह्यं नाव टाकलं तर लोक म्हनतीन, हिले सत्त्याण्णवमधीच माहीत होतं तर ही आठ वर्षं काऊन गप्प राह्यली." ती माझ्याकडे बघत नव्हती, कागद घडीवर घडी घालून दुमडत होती. "मी गप्प नव्हती राह्यली सर."

मी म्हटलं, मुलाखतीत काय सांगशील? "प्रकाशन नाई म्हनून सांगन. सेट हाये, शिकवता येते. घेतलं तर घेतलं." मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला, फार नाही, भिंतीपलीकडे जाऊ नये इतकाच. "तुमी कार्ड काऊन पाठवलं सर? पत्राचं उत्तर नसतं देल्लं तं मी समजून घेतलं असतं. वाटलं असतं, नाई छापलं त्याईनं. कार्ड काऊन पाठवलं?" मी खरंच विचार केला. तिला बरं वाटावं म्हणून, असं उत्तर ओठांवर आलं होतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण मला आठवलं, कार्ड पेटीत टाकून आलो त्या संध्याकाळी मला शांत झोप लागली होती. "मला बरं वाटावं म्हणून," मी म्हणालो. तिनं मान हलवली, एखाद्या गणिताचा शेवट पटल्यावर हलवतात तशी. "पाउलाले बी लिवा," ती म्हणाली. "आजच लिवा. पत्ता शोधा तिचा."

अण्णाजी जड पिशवी घेऊन आले, दारातच चपला काढत म्हणाले, "घ्या जी सर, पहिल्या तोडनीची हायेत. घरी बाईले द्या. भेटला का पोरी उद्याचा कागद?" वर्षाली उठून भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली. प्रयोगशाळेतही ती अशीच थांबायची, मी काय म्हणतो त्याची वाट बघत. मी उभा राहिलो. टेबलाच्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "अण्णाजी, हे मी खोटं लिहिलं होतं. छापून काही आलं नाही. हिनं काम केलं होतं, चोख केलं होतं. मी ते पाठवलंच नाही."

म्हाताऱ्यानं काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तिचं शिक्षण, तिची मुलाखत, सगळं या कार्डासोबत जाणार. सात वर्षांपूर्वी चार आण्यांच्या कार्डावर उभा केलेला तिचा संसार माझ्या डोळ्यांसमोर कोसळणार आणि मला तो बघावा लागणार. ते सुनेकडे वळले.

"उद्या कितीची बस हाये तुही?"

"साडेआठची, मामाजी."

"मी येतो सोडून द्याले हिंगनघाटपावतर. तिथं बसून राहीन भायेर, तुहं होयेपर्यंत." एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं आणि पुन्हा घातली. मला म्हणाले, "वर्ध्याची बस आता लागत असन सर." मग खाली ठेवलेली संत्र्यांची पिशवी त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली.